बहाव्याची लागवड व निगा

घर बांधून झाले, कुंपण उभे राहिले आणि फाटकाजवळ थोडी जागा मोकळी उरली, म्हणजे तेथे एखादे फुलांचे झाड असावे अशी इच्छा बहुतेक सद्गृहस्थांच्या मनात उद्भवते, आणि तिच्या भरात ते रोपवाटिकेत गेले म्हणजे गुलमोहर, नीलमोहर किंवा टॅबेबुया यांपैकी काहीतरी घेऊन परततात. या झाडांविषयी माझ्या मनात आकस नाही. गुलमोहर मादागास्करहून आणि नीलमोहर दक्षिण अमेरिकेतून आला, एवढ्याच कारणावरून त्यांना हद्दपार करा असे म्हणण्याइतका एकांतिक मी नव्हे. परंतु जो वृक्ष सह्याद्रीच्या उतारांवर आणि दख्खनच्या उजाड टेकड्यांवर, कोणी तांब्याभर पाणी न घालता, ऐन वैशाखात पिवळ्या फुलांनी ओथंबून जातो, तो बहावा आपल्या अंगणात लावावा असे फारच थोड्यांना सुचते, आणि ज्यांना सुचते त्यांच्यापैकीही पुष्कळजण काही वर्षांनी ‘आमच्याकडे तो फुलतच नाही’ अशी तक्रार करू लागतात. ही तक्रार पुष्कळदा खरी असते. मात्र तिचे मूळ शोधू गेल्यास ते झाडाच्या मालकाने केलेल्या अतिरिक्त शुश्रूषेत सापडते असे माझे मत आहे, आणि पुढील विवेचनाचा बराचसा रोख त्याच मुद्द्याकडे आहे.

बहावा लावण्यापूर्वी आपल्याला तो खरोखर हवा आहे काय, याचा निर्णय शांतपणे करावा. हा पानगळी वृक्ष आहे. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने झडू लागतात आणि उन्हाची सर्वांत अधिक काहिली असते तेव्हाच तो निष्पर्ण किंवा जवळजवळ निष्पर्ण असतो. त्या उघड्या फांद्यांवरून हातभर लांबीचे फुलांचे घोस खाली लोंबतात आणि त्यांच्या पाठोपाठ, कधी त्यांच्याबरोबरच, तांबूस छटेची कोवळी पालवी येते. मे महिन्यात ज्याखाली आरामखुर्ची टाकून बसावे असे झाड ज्यांना पाहिजे असेल, त्यांनी कडुनिंब किंवा करंज लावावा. बहाव्याकडून सावलीची आणि बहराची एकाच मोसमात अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध दावा लावण्यासारखे आहे, व असा दावा आजवर कोणी जिंकलेला नाही. शिवाय ज्यांना तीन वर्षांत फुले पाहिजेत त्यांनीही दुसरे झाड पाहावे. बियांपासून वाढविलेला बहावा सामान्यतः पाच ते आठ वर्षांनी फुलू लागतो, आणि हलक्या, खडकाळ जमिनीत त्याहून अधिक मुदत लागल्यास नवल मानू नये.

हवामानाची मात्र त्याला फारशी चोखंदळ निवड नाही. भारतीय उपखंडात, हिमालयाच्या पायथ्यापासून केरळापर्यंत आणि पुढे ब्रह्मदेशातही, पानझडी वनांतून तो आपोआप वाढतो. सरासरी वीस इंच पावसाच्या प्रदेशात तो तगतो आणि कोकणातील शंभर इंचांतही, पाणी निचरून जात असेल तर, सुखाने नांदतो. लहान रोपांना कडाक्याची थंडी मानवत नाही, पण महाराष्ट्रात दवाचे बर्फ होण्याचे प्रसंग इतके विरळ की ती चिंता आपण सोडून द्यावी. केरळात एप्रिलच्या मध्यास येणाऱ्या विषूच्या सणात या फुलांना पूजेत मानाचे स्थान असते, म्हणजे तेथे तो त्या सुमारास फुललेला असतोच. दिल्लीत अमृता शेरगिल मार्गावर दुतर्फा लावलेले अमलतास, म्हणजे आपले बहावेच, मे महिना चांगला तापल्यावर रंगात येतात. आपल्याकडे कोकणात थोडा आधी आणि देशावर एप्रिलच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत बहराचे दिवस असतात. थायलंडने तर २००१ साली याच फुलाला राष्ट्रीय पुष्पाचा दर्जा दिला.

रोप विकत घ्यावयाचे असल्यास खातरजमा केल्याशिवाय घेऊ नये. ‘पिवळ्या फुलांचे मोठे झाड’ अशी मागणी केली असता सोनमोहर किंवा काशीद हाती पडण्याचा संभव फार असतो, आणि चूक लक्षात येईपर्यंत झाड दोन मजल्यांइतके होऊन बसते. सोनमोहराची फुले ताठ उभ्या तुऱ्यांत येतात आणि त्याचे पान गुलमोहराप्रमाणे बारीक बारीक पर्णिकांत विभागलेले असते; काशीदाचे तुरेही उभेच असतात आणि त्याच्या पर्णिका लहान, लांबट असतात. बहाव्याच्या पानाला मात्र पर्णिकांच्या चार ते आठ जोड्याच असतात, पण प्रत्येक पर्णिका तळहाताच्या लांबीची, अंडाकृती व तकतकीत असते, त्यामुळे वीतभर रोपावरूनसुद्धा सरावलेल्या नजरेला ओळख पटते. एवढ्यानेही संशय न फिटल्यास ‘कॅसिया फिस्टुला’ हे लिनियसने १७५३ साली रूढ केलेले शास्त्रीय नाव कागदावर लिहून न्यावे.

माझा सल्ला विचाराल, तर रोप विकत घेण्यापेक्षा बी रुजविणे केव्हाही श्रेयस्कर. त्यास कारण सोटमूळ. हे मूळ पहिल्या काही महिन्यांतच वरच्या खोडापेक्षा अधिक लांब जाते. रोपवाटिकेतील लहानशा पिशवीत वर्ष-दीड वर्ष राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी वेटोळे घालून बसलेले असते, आणि असे रोप जमिनीत लावल्यावर पुष्कळ दिवस तेथल्या तेथे घुटमळत राहते. घ्यावयाचेच झाले तर उंच रोपाचा मोह टाळून सहा-आठ महिन्यांचे, पोटरीएवढे रोप निवडावे, व लावताना पिशवी फाडून वेटोळे दिसल्यास त्याचे टोक धारदार चाकूने कापून टाकावे.

बी मिळवण्यास पैसा लागत नाही. बहाव्याच्या लांब, गोल, काळपट शेंगा वर्षभर झाडावरच लटकत असतात आणि माघ-फाल्गुनात त्या पूर्ण वाळलेल्या मिळतात. शेंग आपोआप उकलत नाही. वनात माकडे, कोल्हे आणि अस्वले तिच्यातील गोड गरासाठी ती फोडतात आणि बी दूरवर नेतात, घरी ते काम आपल्याला दगडाने करावे लागते. फोडलेल्या शेंगेत आडव्या पातळ पडद्यांनी केलेले कप्पे नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचलेले दिसतात. प्रत्येक पडद्याला काळा, चिकट, विशिष्ट उग्र वासाचा गर माखलेला असतो आणि प्रत्येक कप्प्यात एक चपटे, गुळगुळीत, तपकिरी बी पहुडलेले असते. चांगल्या शेंगेत पन्नासपेक्षा अधिक बिया सहज मिळतात. ज्यांना बारीक छिद्र दिसेल त्या किडीने पोखरलेल्या समजून टाकून द्याव्यात, उरलेल्या धुऊन सावलीत वाळवाव्यात.

आता मुख्य अडचण पुढे येते. या बीचे कवच इतके टणक आणि इतके जलाभेद्य असते की ते तसेच पेरल्यास काही बिया महिन्याने, काही पुढच्या पावसाळ्यात, आणि काही त्याहूनही उशिरा उगवतात. मोठ्या रोपवाटिकांत तीव्र गंधकाम्लात बी काही मिनिटे बुडवून कवच झिजवितात. हा प्रकार घरात, विशेषतः मुले वावरत असतील तेथे, कोणीही करू नये. कित्येकजण उकळते पाणी बियांवर ओतून ते थंड होईपर्यंत तसेच ठेवतात, आणि त्याने पुष्कळ बिया मोकळ्या होतात हे खरे, परंतु काही शिजूनही जातात. घरगुती प्रमाणावर सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे कानस. बी दोन बोटांत घट्ट धरावे, त्याचे निमुळते टोक, जेथे ते शेंगेला जोडलेले होते ते, आपल्याकडे ठेवावे, आणि विरुद्ध बाजूची गोल कड कानशीवर घासावी. प्रथम नुसता चकचकीतपणा जातो, मग तपकिरी भुकटी पडू लागते, आणि आठ-दहा घासण्यांनंतर कडेवर फिकट पांढुरका ठिपका दिसतो. तो दिसताच हात आवरावा, कारण त्यापुढे गर्भाला इजा पोहोचते. कानस नसल्यास नेलकटरने कडेचा केसभर तुकडा काढला तरी चालते, मात्र बी निसटून बोटाला लागण्याची भीती असते.

अशा घासलेल्या बिया रात्री कोमट पाण्यात टाकाव्यात. सकाळी पाहावे तो ज्या बियांत पाणी शिरले आहे त्या फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या असतात, त्यांचे कवच सैल आणि बुळबुळीत झालेले असते. ज्या होत्या तशाच टणक राहिल्या असतील त्या पुन्हा घासाव्यात व पुन्हा भिजत घालाव्यात. फुगलेले बी मग थांबवून ठेवू नये. पोयटा, वाळू आणि जुने शेणखत समभाग घेऊन उंच पिशव्या भराव्यात, त्या शक्य तितक्या खोल असाव्यात, रुंदी थोडी कमी असली तरी हरकत नाही. प्रत्येक पिशवीत दोन बिया अर्ध्या बोटाएवढ्या खोल टोचून वर ओलावा राखावा. आठवड्या-दोन आठवड्यांत दोन जाड, गोलसर दले माती सारून वर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरणी केली म्हणजे मृगाच्या पावसापर्यंत रोपे लावणीजोगी होतात, आणि त्या वेळी पिशवीतील दुबळे रोप काढून सशक्त तेवढे राखावे.

जागा निवडताना एकच अट कठोरपणे पाळावी, ती म्हणजे पूर्ण ऊन. इमारतीच्या उत्तर बाजूस किंवा मोठ्या झाडाच्या आडोशाला लावलेला बहावा जगतो, पण उन्हाच्या शोधात वाकडा होत जातो आणि त्याचा बहर ज्या बाजूने ऊन येते त्याच बाजूस येतो. भिंतीपासून पंधरा फुटांचे अंतर आणि रांगेत लावल्यास दोन झाडांत वीस-पंचवीस फुटांचे अंतर ठेवावे. विजेच्या तारांखाली तर तो कधीच लावू नये. तीस-चाळीस फूट उंचीचा वृक्ष आणि तारा यांच्या तंट्यात निकाल नेहमी तारांच्या बाजूने लागतो. मोटार उभी करण्याच्या जागेवर त्याची सावली पडू दिल्यास मे महिन्यात पाकळ्यांचा सडा आणि पुढे शेंगांची पडझड यांची तयारी ठेवावी.

खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि तितकाच खोल पुरे होतो, परंतु तो उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. मुरमाड जमिनीत खालच्या थरावर पहार मारून फट पाडावी, म्हणजे सोटमुळाला वाट मिळते. काळ्या चिकण जमिनीत अडचण उलट असते. तेथे पावसाळ्यात खड्ड्याचे टाके होते आणि कोवळी मुळे कुजतात, म्हणून निघालेल्या मातीत निम्मा मुरूम मिसळून भर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच करावी. दोन घमेली कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी ओंजळभर निंबोळी पेंड एवढे खत पुरेसे आहे. बहावा शेंगाधारी कुळातला असल्याने तो स्वतःचे नत्र स्वतः मिळवतो अशी काही शिकलेल्या लोकांची समजूत आढळते. ती चुकीची आहे, कारण त्याच्या मुळांवर त्या कामाच्या गाठी येत नाहीत. पण म्हणून त्याला युरिया घालण्याची गरज आहे असेही नाही. नत्र अधिक झाले की झाड पानांवर सुटते, फांद्या लांब आणि लवचिक होतात, आणि फुलांचा योग लांबणीवर पडतो.

पाण्याच्या बाबतीत पहिली तीन वर्षे आणि त्यानंतरचा काळ यांत स्पष्ट भेद करावा. लावणीनंतरच्या पहिल्या हिवाळ्या-उन्हाळ्यात, आळे करून, चार-पाच दिवसांनी एक घागरभर पाणी सावकाश मुरू द्यावे आणि आळ्यात पालापाचोळा पसरावा. दुसऱ्या वर्षी आठ-दहा दिवसांचे आणि तिसऱ्या वर्षी पंधरवड्याचे अंतर ठेवावे. रोजचे तांब्या-तांब्या शिंपण टाळावे, कारण त्याने मुळे वरच्या वर ओलावा शोधण्यास शिकतात. तीन पावसाळे पाहिलेल्या बहाव्याला, एखादे भीषण अवर्षण सोडल्यास, महाराष्ट्रात कोठेही पाणी घालण्याचे प्रयोजन नाही, आणि बागप्रेमी गृहस्थांची अडचण येथेच सुरू होते, कारण ज्या झाडाला मुलाच्या हातून पाणी घालून वाढविले त्याला फाल्गुनात पाने टाकताना पाहून त्यांचा जीव गलबलतो व ते नळी सोडून बसतात. हिवाळा सरताना जमिनीतील ओल कमी होणे, पाने गळणे आणि मग फुलणे, हा या वृक्षाचा वार्षिक शिरस्ता आहे; त्यातला पहिला टप्पा पाण्याने मोडला की पुढचे दोन्ही बिघडतात. ज्याला संशय असेल त्याने एखाद्या सार्वजनिक उद्यानात जाऊन बारमाही भिजणाऱ्या हिरवळीच्या कडेचा बहावा आणि त्याच गावाच्या टेकडीवरचा बहावा, दोन्ही मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाहून यावेत. पहिल्यावर जुनी हिरवी पाने टिकून असतात आणि त्यांच्या आड चार-दोन घोस चुकल्यासारखे दिसतात. दुसऱ्यावर पान औषधाला मिळत नाही आणि फांदी दिसू नये इतकी फुले असतात. तेव्हा माघ लागला की नळी गुंडाळून ठेवावी. हिरवळ बहाव्याखाली करूच नये. अगोदरच असेल तर झाडाभोवती आठ-दहा फुटांपर्यंत ती काढून टाकावी.

पहिला बहर अल्प असतो, एखाद्याच फांदीवर दोन-तीन घोस येतात, आणि पुढल्या वर्षी कदाचित तेवढेही येत नाहीत. यावरून झाडाविषयी मत बनवू नये. बहर पूर्ण आला म्हणजे पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो असा एक लोकसमज आहे, आणि दरवर्षी वर्तमानपत्रांत तो मोठ्या विश्वासाने छापला जातो. एप्रिलच्या अखेरीस फुललेल्या झाडापासून पंचेचाळीस दिवस मोजले असता जूनचा मध्य येतो, आणि जूनच्या मध्यास पाऊस येण्यासाठी बहाव्याच्या शिफारशीची गरज नसते. परंतु उष्ण कोरड्या वर्षी तो मार्चमध्येच फुलून बसला तर पाऊस मेमध्ये येत नाही, हेही ज्याला डोळे आहेत त्याने पाहिलेले असते. भाद्रपद-आश्विनात कधी कधी एखाद-दुसरा चुकार घोस येतो, त्याच्यावरूनही कोणते भाकीत काढू नये.

फूल जवळून पाहण्याजोगे आहे. पाच पिवळ्या पाकळ्यांच्या मधून दहा पुंकेसर निघतात, त्यांपैकी तीन लांब आणि आकड्यासारखे वर वळलेले, बाकीचे आखूड. या फुलांत मध नसतो, फक्त पराग असतो. काळे भुंगे फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू जोराने थरथरवतात आणि परागकोशांतून पराग झाडून घेतात. आखूड केसरांचा पराग त्यांच्या पोटापाण्याच्या कामी येतो आणि लांब केसरांचा त्यांच्या पाठीला लागून दुसऱ्या फुलावर जातो. म्हणून बहराच्या काळात झाडावर कोणतेही कीटकनाशक मारणे हा निव्वळ अडाणीपणा होय.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या येतात आणि पंधरा दिवसांत लहान झाड जवळजवळ ओके करून टाकतात. हे पाहून धास्ती घेण्याचे कारण नाही. या अळ्या बहुधा ‘एमिग्रंट’ नावाच्या फिकट पिवळसर फुलपाखरांच्या असतात, बहावा हे त्यांचे आवडते खाद्य आहे, आणि त्या गेल्यावर झाड पुन्हा पालवते. तीन फुटांच्या आतले रोप असेल तर हाताने वेचून दूर न्याव्यात. त्याहून मोठ्या झाडाने त्यांचा खर्च सोसावा. गुरे-शेळ्या या पानांना सहसा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे खेड्यात रस्त्याच्या कडेला लावण्यासही हे झाड सोयीचे, मात्र खोडाला अंग घासून रोप मोडण्याची त्यांची सवय लक्षात घेऊन पहिली तीन वर्षे काट्यांचे कुंपण ठेवावे.

छाटणीविषयी दोन शब्द अधिक लिहावे लागतात, कारण बहाव्याचे सर्वांत मोठे नुकसान तेथेच होते. घोस येतात ते मागल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर; म्हणून दिवाळीनंतर झाडाला ‘आकार’ देणारा मालक प्रत्यक्षात पुढच्या बहराची छाटणी करीत असतो. पहिल्या चार वर्षांत खोड माणसाच्या उंचीपर्यंत सरळ जाईल एवढ्यापुरत्या खालच्या फांद्या टप्प्याटप्प्याने काढाव्यात, आणि नंतर वाळलेले किंवा एकमेकांवर घासणारे लाकूड तेवढे, तेही बहर ओसरल्यावर लगेच, काढावे. पावसाळ्यापूर्वी तारा मोकळ्या करण्यासाठी येणारी मंडळी नेमकी ऐन बहरात कोयते घेऊन दाखल होतात. त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा आदल्या वर्षीच तारांच्या बाजूची फांदी आपण रीतसर काढवून घ्यावी. नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडण्यास महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड आपल्या खासगी आवारात असले तरीही. तेव्हा फांद्या मोठ्या प्रमाणावर उतरवावयाच्या असल्यास अगोदर अर्ज करून लेखी हुकूम हाती घ्यावा.

शेंगांचे काय करावे, हा प्रश्न शेवटी उरतो. त्या झाडावर राहिल्याने पुढच्या बहराला विशेष बाध येत नाही, पण कित्येकांना पिवळ्या घोसांमधून लोंबणाऱ्या काळ्या काठ्या रुचत नाहीत, त्यांनी त्या होळीच्या सुमारास आकडीने उतरवाव्यात. आयुर्वेदात हा वृक्ष आरग्वध या नावाने प्रसिद्ध आहे आणि शेंगेतील मगज सारक म्हणून वापरला जातो. गोड लागतो म्हणून मुले तो चाटतात आणि रात्रभर घरातील सर्वांना जागवितात. वैद्याने मात्रा ठरवून दिल्यावाचून तो कोणालाही देऊ नये, आणि उतरविलेल्या शेंगा अंगणात पडू न देता, बीसाठी लागतील तेवढ्या बाजूस काढून, उरलेल्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी खोल पुरून टाकाव्यात.